पोटाचं निमित्त

गावच्या कर्करोग तपासणी शिबिराचे बातमीतले फोटो तुम्हीही पाहिलेच असतील. फ्लेक्सवर डझनभर चेहरे, शाल, श्रीफळ, आणि जिच्यासाठी हा सगळा खटाटोप ती बाई मागच्या रांगेत. प्रमुख पाहुण्यांचा एक गाल फुगलेला होता. तिथे काय होतं हे गावाला ठाऊक आहे.

डोक्यात गेलं ते त्याच बातमीतलं एका आजीचं वाक्य : "मशेरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही." आणि त्यावर व्यासपीठावरच्यांनीही माना डोलावल्या!

महाराष्ट्राचं पोट हा एक स्वतंत्र प्रांत आहे. शेतमजुराचं तंबाखूच्या चिमटीने साफ होतं, मास्तरांचं खर्ऱ्याने, ड्रायव्हरचं विडीने. ज्या घरात ज्वारीची भाकरी आणि पालेभाजी खातात, दिवसभर वाकून खुरपणी करतात, तिथल्या आतड्यांना म्हणे तव्यावर काळी भाजलेली तंबाखूच लागते. मग मशेरीला बोटही न लावणारी शेजारीण काय गेली तीस वर्षं तुंबून बसली आहे? निकोटिनने आतडी हलतात, हे खरं. त्यांना त्याची सवय लागते, आणि एक सकाळ चुकली की ती संप पुकारतात, हेही खरं. पण हा संप कायमचा नसतो. उरलेल्या सबबींमध्ये "आमचा आजा नव्वदीपर्यंत जगला" होतीच. आजोबांना नमस्कार.

तरी त्या आजीवर डाफरायला जीभ रेटत नाही. लहानपणी दाढ दुखली तेव्हा तिच्या आईनेच बोटावर मशेरी दिली असणार. पहाटे उपाशीपोटी कामाला लागणाऱ्या बाईची भूक त्या चिमटीने मरते, हे घरातल्या पुरुषांना कळत नाही असं थोडंच आहे? कायदे कमी नाहीत : गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. शाळेपासून शंभर यार्डांत तंबाखू विकायची नाही, हा कायदा तर २००३ चा. टपरी कुठे आहे ते सरपंचांना विचारा. बहुधा पुतण्याचीच निघेल.

आणि तपासणीचं म्हणाल, तर जुन्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या खेड्यांत १ लाख ३१ हजारांहून जास्त बायकांवर अभ्यास झाला. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने गर्भाशयमुखाच्या कर्करोगाचे मृत्यू जवळपास निम्म्यावर येतात, हे त्यातून २००९ साली जगाला कळलं. आपल्या बायकांनी जगाला एवढं दिलं. आपण त्यांना काय दिलं? शिबिराचा फ्लेक्स. सत्कारांचं वेड जाईल असं मला वाटत नाही; निदान शाल त्या मागच्या रांगेतल्या बाईला तरी द्या, थंडीत उपयोगी पडेल.

तोवर एवढं करा. घरात कुणाच्या तोंडातला व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा तीन आठवड्यांत गेला नाही, किंवा तोंडात तीन बोटं उभी मावत नसतील, तर शिबिराची वाट न बघता दवाखाना गाठा. तंबाखू सोडायला मदत हवी असेल तर १८००-११-२३५६ हा सरकारी नंबर आहे, फोन फुकट लागतो.