मन कुणाच्या बोलण्याने पालटतं?



एटापल्लीच्या जंगलातल्या एखाद्या माडिया गावात दोन घरं येशूची प्रार्थना करू लागली, की गावापुढे पहिला प्रश्न देव आहे की नाही, असा नसतो. ही घरं पंडुमची, म्हणजे गावच्या सणाची, वर्गणी देणार का? गावदेवाला दाखवण्याआधी नवं फळ तोंडात घालणार का? त्यांच्यात कुणी वारलं तर माती कुठे द्यायची? बैठक बसते. गायता म्हणजे गावचा पुजारी बोलतो, पाटील बोलतो, प्रार्थनेला जाणारा तरुणही बोलतो. रात्र सरते आणि जो तो आपापली श्रद्धा घेऊन घरी जातो.

म्हणून आज सकाळी हा प्रश्न घेऊया. ख्रिस्ताला मानणारा आणि न मानणारा समोरासमोर बसून बोलले, तर कुणाचं मन पालटतं का? मराठी मुलखाच्या गाठी या बाबतीत जवळजवळ दोनशे वर्षांचा अनुभव आहे.

1857 साली मुंबईच्या समुद्रकिनाऱ्यावर दर आठवड्याला गर्दी जमायची. एका बाजूला विष्णुबावा ब्रह्मचारी, म्हणजे विष्णू भिकाजी गोखले. दुसऱ्या बाजूला ख्रिस्ती मिशनरी. वेद खरे की बायबल, देवाला अवतार घ्यावा लागतो का, पाप कुणाचं आणि ते फेडायचं कुणी, असे प्रश्न चालत. दोन्हीकडची माणसं हुशार होती, अभ्यासू होती. वादाचे वृत्तांत दोन्ही बाजूंनी छापले. आणि निष्पन्न काय झालं? बावा वेदोक्त धर्मावर कायम राहिले, मिशनरी येशूवर. शेकडो लोक ऐकत असताना माणूस 'तुमचं बरोबर आहे' असं सहसा म्हणत नाही. तिथे सत्याबरोबर इभ्रतही पणाला लागलेली असते.

पण त्याच किनाऱ्यावरचा एक मिशनरी जरा जवळून पाहण्यासारखा आहे. जॉर्ज बोवेन, अमेरिकेतून आलेला. हा माणूस तरुणपणी कित्येक वर्षं स्वतःच नास्तिक होता. ज्या मुलीशी त्याचं लग्न ठरलं होतं ती 1844 साली वारली. जाण्याआधी तिने त्याला बायबल वाचायला सांगितलं होतं. तिच्या शब्दाखातर त्याने ते हाती घेतलं, वाचत राहिला, आणि चार वर्षांनी मुंबईत धर्मोपदेशक म्हणून उतरला. पुढे त्याने मिशनचा पगारही सोडला आणि शहरात अगदी गरिबीत आयुष्य काढलं. म्हणजे विष्णुबावांना युक्तिवादाने जिंकू पाहणाऱ्यांतला हा एक जण स्वतः मात्र युक्तिवादाने जिंकला गेलेला नव्हता.

विष्णुबावांचा जन्म 1825 चा. त्याच वर्षी जन्मलेले दुसरे एक चित्पावन म्हणजे पंडित नीळकंठशास्त्री गोरे. काशीत राहणारे, न्यायशास्त्रात मुरलेले. मिशनऱ्यांची मतं खोडून काढायची म्हणून त्यांनी वाद मांडला, संस्कृतात ग्रंथ लिहिला. पण खोडायचं तर आधी नीट वाचायला हवं. वाचता वाचता शास्त्रीबोवा स्वतःच्याच प्रश्नांत अडकले आणि 1848 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्यासाठी घरादाराचा, जातीचा रोष पत्करला. पुढे फादर गोरे म्हणून त्यांचं नाव झालं, तरी शंकांनी त्यांची पाठ जन्मभर सोडली नाही. दोन माणसं एकाच वर्षी, एकाच जातीत जन्मलेली, दोघंही वादपटू. एक वादातून तसाच बाहेर पडला, दुसरा उलट्या बाजूला जाऊन उभा राहिला. वादाला जर मन पालटण्याची हमखास ताकद असती, तर असं झालं नसतं.

याच गोऱ्यांच्या लेखनाचा परिणाम पंडिता रमाबाईंवर झाला. 1883 साली इंग्लंडमध्ये वाँटेजला त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पण ज्यांनी त्यांना धर्मात घेतलं, त्यांच्या हातात त्या आल्या नाहीत. त्रैक्याच्या सिद्धांतावर, चर्चच्या अधिकारावर त्यांनी आपल्या गुरू असलेल्या इंग्रज भगिनींशी पत्रांतून असा काही वाद घातला की त्या बिचाऱ्या हैराण झाल्या. रमाबाई ख्रिस्ती झाल्या, पण आपल्या बुद्धीने. हाताला धरून नेईल तिकडे जाणाऱ्या त्या नव्हत्याच.

नारायण वामन टिळकांची गोष्ट आपल्या विदर्भाच्या वाटेवरची. 1893 साली नागपूरहून राजनांदगावकडे जाताना आगगाडीत एका गोऱ्या सहप्रवाशाशी त्यांचं बोलणं झालं. त्याने नवा करार हाती ठेवला. टिळकांनी तो वाचला, मनाशी झगडले, आणि 1895 साली ख्रिस्ती झाले. गाडीतला तो माणूस आपल्या वाटेने निघून गेला. 

आणि त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई? नवरा कवी, वक्ता, शब्दांचा धनी. त्याच्या घरात राहून त्यांचं मन पालटायला हवं होतं. पण टिळकांनी धर्म बदलला तेव्हा त्या आकांत करून माहेरच्या माणसांत राहिल्या. काही वर्षांनी परत आल्या, तरी सोवळं सोडलं नाही. मग एकदा त्यांच्या मनाने घेतलं, की जाती देवाने केलेल्या नाहीत, माणसांनी केलेल्या आहेत, आणि त्या कुणाच्याही हातचं खायला-प्यायला तयार झाल्या. 1900 साली त्यांनी बाप्तिस्मा घेतला. 'स्मृतिचित्रे' हे त्यांचं आत्मचरित्र वाचणाऱ्याला हे पक्कं उमगतं, की त्यांना कुणी वळवलं नाही. त्या आपल्या पायांनी चालत गेल्या.

आता आपल्या जंगलाकडे येऊ. 1845 साली स्टीफन हिस्लॉप नागपुरात आला. स्कॉटलंडचा धर्मोपदेशक, नागपूरचं हिस्लॉप कॉलेज त्याच्याच नावाचं. तो येशूची कथा सांगायला आला होता. पण गोंडांचे कथागायक असलेल्या परधानांच्या तोंडून त्याने त्यांच्या लिंगो या देवपुरुषाची कथा ऐकली. ऐकता ऐकता लिहून घेतली. 1863 साली नाल्याच्या पुरात तो बुडून गेला आणि तीन वर्षांनी त्याचे कागद ग्रंथरूपाने छापले गेले. धर्म सांगायला आलेल्या माणसाच्या कागदांतून गोंडांचीच धर्मकथा जगापुढे गेली. हिस्लॉप शेवटपर्यंत ख्रिस्ती राहिला, कथा सांगणारे शेवटपर्यंत लिंगोचे राहिले. श्रद्धा कुणाचीच बदलली नाही, तरी ते बोलणं वाया गेलं असं कोण म्हणेल?

यापुढची पायरी व्हेरियर एल्विनची. 1927 साली हा तरुण इंग्रज पाद्री पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघात आला. गांधीजींच्या सहवासात गेला. जमनालाल बजाजांनी त्याला गोंडांमध्ये काम करायला सुचवलं. 1932 साली तो शामराव हिवाळे या मराठी ख्रिस्ती मित्राबरोबर मंडला जिल्ह्यातल्या करंजिया गावी राहायला गेला. तिथे कुणाला ख्रिस्ती करायचं नाही, असं त्याने ठरवलं. नागपूरचे बिशप अलेक्स वुड यांच्याशी त्याचं बिनसलं. हे वुडसाहेब पूर्वी चांद्यातच मिशनरी होते, म्हणजे आपला मुलूख ओळखणारे. पण चर्चला हवी ती निष्ठा एल्विन देईना, आणि चर्च त्याला पाद्री म्हणून काम करायची परवानगी देईना. 1935 साली त्याने चर्चच सोडलं. पुढे बस्तरच्या माडिया आणि मुरिया लोकांवर त्याने ग्रंथ लिहिले, आणि 1954 साली तो भारताचा नागरिक झाला.

एल्विनची श्रद्धा कुणी वादात हरवली होती? कुणीही नाही. करंजियाच्या गोंडांनी त्याच्याशी बायबलवर शास्त्रार्थ केला नव्हता. शंका त्याच्या मनात आधीपासून होत्या. पण त्याने त्यांच्या कुष्ठरोग्यांची मलमपट्टी केली, त्यांची गाणी ऐकली, त्यांच्यातच घर केलं. ज्यांना येशू ठाऊक नाही त्यांचं जगणं अंधारातलं आहे, असं म्हणणं मग त्याला जमेना.

श्रोतेहो, ही सगळी माणसं शेजारी शेजारी ठेवून पाहिली की दोन गोष्टी दिसतात. पहिली, बोलण्याने श्रद्धा बदलते, पण बोलणं चालू असताना नाही. ती नंतर बदलते. माणूस एकटा असताना, पुस्तक उघडून बसला असताना, कुणाच्या मरणानंतर, कुणाच्या घरचं पाणी प्यायल्यानंतर. दुसरी, बदललेला माणूस सांगणाऱ्याच्या इच्छेप्रमाणे बदलत नाही. टिळकांनी अखेरीस 'देवाचा दरबार' नावाचा समाज उभा करायला घेतला, तो बाप्तिस्मा घेतलेल्या आणि न घेतलेल्या अशा दोघांसाठी. एल्विन तर धर्म सांगायला आलेला, आणि धर्म सोडून बसला. बी पेरणाऱ्याच्या हाती पेरणं आहे, उगवणं नाही.

कायदाही याच्या जवळच उभा आहे. राज्यघटनेचं 25 वं कलम प्रत्येकाला सदसद्विवेकाचं स्वातंत्र्य देतं, धर्म पाळण्याचं आणि सांगण्याचंही देतं. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने त्याचा अर्थ असा लावला की आपला धर्म सांगण्याचा हक्क आहे, पण दुसऱ्याला धर्मांतरित करण्याचा मूलभूत हक्क नाही. म्हणजे सांगणं तुमचं, ठरवणं ऐकणाऱ्याचं. आणि हे दोन्ही बाजूंना लागू आहे. येशू सांगणाऱ्यालाही, आणि 'परत ये' म्हणणाऱ्या गावालाही.

आपल्या शेजारी बस्तरमध्ये छिंदवाडा नावाच्या गावात एका ख्रिस्ती धर्मोपदेशकाला माती द्यायची कुठे, हा तंटा जानेवारी 2025 मध्ये थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. देह शवागारात पडून होता. दोन न्यायमूर्तींची मतंही वेगळी पडली. शेवटी कित्येक किलोमीटर दूरच्या ख्रिस्ती दफनभूमीत माती देण्याचा आदेश झाला. एवढं होऊन त्या गावात कुणाची श्रद्धा बदलली असेल? भीतीने माणूस गप्प होतो किंवा निघून जातो. मन मात्र असतं तिथेच राहतं.

आपल्या गावांना त्यांचे देव आहेत, पंडुम आहेत, सुरजागडचा ठाकूरदेव आहे. ते जपण्याचा गावाला पूर्ण अधिकार आहे. त्या जपणुकीला बोलण्याची भीती वाटायचं कारण नाही. प्रार्थनेला जाणाऱ्यानेही गावाच्या देवांना सैतान म्हणू नये. ज्या घरात आपली आजी वाढली, त्या घराला शिवी देऊन कुणी मोठा होत नाही. आणि ज्याचा कोणत्याच देवावर विश्वास नाही, त्यालाही बैठकीत जागा असावी.

बोलावं तर जरूर. पण बोलण्याआधी विहिरीचं पाणी, दुकानातलं धान्य, आजाऱ्याचं औषध आणि मेलेल्याची माती या चार गोष्टी वादाच्या बाहेर काढून ठेवाव्यात. औषधाच्या गोळीला धर्माची अट नको, आणि स्मशानाच्या जागेलाही नको. या चार गोष्टींची धास्ती नसेल, तरच समोरचा माणूस खरं बोलेल आणि आपलं खरं ऐकेल. तेव्हा आपल्या गावात असा तंटा उभा राहिला तर ग्रामसभेत पहिला ठराव या चार गोष्टींचा करा. देवाबद्दल त्यानंतर हवं तितकं बोला.