सुरूच्या बनात गवत नव्हतं

कासुर्डीहून पहाटे निघालो, पुणे ओलांडून ताम्हिणी घाट उतरलो आणि माणगाव-म्हसळा करत दुपारी दिवेआगरला पोचलो. मागे डोंगर, समोर समुद्र, मधे सुरूचं बन. मुलगी म्हणाली, "बाबा, हे पाईन ना? सिमल्यासारखं!" तात्या, म्हणजे माझे वडील, मात्र खाली बघत होते. त्यांची उमर भुलेश्वरच्या बाजूच्या माळांवर शेरडं-मेंढरं राखण्यात गेली. ते म्हणाले, "एवढी झाडं, अन् बुडाला गवताची काडी नाही. हितं शेरडानं खायचं काय?"

मुलीचं चुकलं होतं. पाईनला फुलं येत नाहीत, सुरूला येतात. सुरूच्या 'सुया' म्हणजे सांधे-सांधे असलेल्या बारीक हिरव्या काड्या. खरी पानं त्या सांध्यांवर खवल्याएवढी असतात. झाड मूळचं आग्नेय आशिया-ऑस्ट्रेलियाकडचं. 19व्या शतकात इंग्रजांनी मद्रास इलाख्यात त्याची लागवड केली ती रेल्वे इंजिनांच्या सरपणासाठी. मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतला नायट्रोजन धरून देतात, म्हणून ते नुसत्या वाळूतही वाढतं, वारा अडवतं.

तात्यांचं मात्र चुकलं नव्हतं. गळालेल्या सुयांचा थर खाली फारसं काही उगवू देत नाही. बन पार भरतीच्या रेषेपर्यंत आणलं, तर कासवांना अंडी घालायला मोकळी वाळू उरत नाही.

मग त्या बनात झालेला आनंद खोटा होता का? मला तसं वाटत नाही. सौंदर्याला रहिवासाचा दाखला लागत नाही. 'बाहेरचं ते वाईट' हा हिशेब तर फारच घातक. मग पोर्तुगीजांबरोबर आलेली मिरचीही ताटातून काढावी लागेल. प्रश्न झाड कुठून आलं हा नाहीच. ते लावताना कोणाची जागा गेली, आणि आपण ते पाहिलं का, हा आहे.

इथे मला माझाच माळ आठवला. दौंड-शिरूर-बारामतीकडचे माळ कागदोपत्री 'पडीक'. पण चिंकारा राहतो तो असल्याच माळावर. सुप्याचं मयूरेश्वर अभयारण्य त्याच्यासाठीच आहे. लांडगा, चंडोल, धाविक यांचंही घर तेच. त्यांना सावली नको, उघडं गवत हवं. आणि दोन वर्षांपूर्वी मी मित्रांकडून वर्गणी काढून आमच्या माळावर गिरिपुष्पाची दीडशे रोपं लावली होती. फोटो काढले, हार घातले. झाड लावणं हे पुण्यच, त्यात विचारायचं काय, अशी माझी खात्री होती. तात्या तेव्हा काही बोलले नव्हते. मीही विचारलं नव्हतं.

हेतू चांगला असला की विचारण्याची जबाबदारी संपते, असं आपण धरून चालतो. खरं तर तिथेच ती वाढते. वाईट काम करणाऱ्याला कोणीतरी अडवतं. चांगलं काम करणाऱ्याला अडवायला सगळेच संकोचतात.

परतताना ताम्हिणीत गाडी थांबवली. तात्यांना विचारलं, "तेव्हा बोलला का नाहीत?"

"तू लई खुशीत होतास," ते म्हणाले.

त्या रोपांचं काय करायचं, ते अजून ठरलेलं नाही. यंदा नवे खड्डे घेण्याआधी त्यांना घेऊन माळ फिरायचा, एवढं ठरलं आहे.