उसातलं ॲसिड, उसातलं ऊन

सकाळच्या दौंड-पुणे शटलमध्ये बायकांच्या डब्यात हल्ली एक वेगळीच भाषा ऐकू येते. ‘नायसिनामाइड पाच टक्केच घे, दहानं मला झोंबलं.’ ‘व्हिटॅमिन सी सकाळी, रेटिनॉल रात्री. दोन्ही एकदम नको.’ बोलणाऱ्या पोरी केडगाव, यवतला चढलेल्या असतात. कुणी हडपसरला कॉलेजात, कुणी कुठल्याशा ऑफिसात बिलिंगला. घरी वडील खताच्या गोणीवरचं १०:२६:२६ वाचतात, तशाच या बाटलीवरचे टक्के वाचतात.

जाणत्या मंडळींना याचं हसू येतं. रूपाचं वेड, रीलचं खूळ, वगैरे. मला ते हसणं आळशी वाटतं. घटकांच्या यादीत जे जास्त असतं ते आधी लिहायचं, असा साधारण नियम आहे. बाटलीच्या समोर केशराचं चित्र आणि मागच्या यादीत केशर अगदी तळाला, हे जिला कळतं ती मुलगी सहज फसत नाही. एवढी वाचनाची सवय आपण कीटकनाशकाच्या डब्यांबाबत लावली असती तरी पुष्कळ झालं असतं.

मला प्रश्न पडतो तो वेगळाच. ‘तरुण दिसणारी त्वचा’ हवी, असं म्हणताना आपण नेमकं काय मागत असतो?

२०१२ मध्ये एका अमेरिकी वैद्यकीय नियतकालिकात एक फोटो छापून आला होता. एकोणसत्तर वर्षांच्या एका माणसाचा चेहरा. त्यानं २८ वर्षं मालाचा ट्रक चालवला होता. खिडकीकडचा डावा गाल जाड, लोंबलेला, खोल सुरकुत्यांचा आणि उजवा गाल कितीतरी तरुण. चेहरा एक, जन्मतारीख एक आणि वयं दोन. काच ऊन अडवते असं आपल्याला वाटतं, पण अतिनील किरणांपैकी ‘ए’ प्रकारचे किरण साध्या काचेतून बऱ्यापैकी आत येतात आणि त्वचेला ताठ ठेवणारं कोलॅजन हळूहळू तोडत राहतात.

म्हणजे त्वचा नुसती वर्षं मोजत नाही, ऊनही मोजते. आणि ऊन सगळ्यांच्या वाट्याला सारखं येत नाही. शिरूरच्या एखाद्या गावात कांद्याची लागण करणारी बाई आणि त्याच गावच्या शाळेतल्या बाई, दोघीही चाळिशीच्या, शेजारी उभ्या करून बघा. आपण पटकन म्हणतो, ‘बाईंनी स्वतःला किती छान ठेवलंय.’ ठेवलंय हे खरं, पण निम्मं श्रेय छपराचं आहे. आपल्या सावळ्या त्वचेत मेलॅनिन जास्त, त्यामुळे सुरकुत्या गोऱ्यांपेक्षा उशिरा येतात आणि त्वचेचा कॅन्सरही खूप कमी होतो. आपल्याकडे ऊन आधी रंगात दिसतं. गालावर वांग, गळ्यावर काळपट पट्टा, ब्लाउजच्या बाहीखाली एकदम वेगळा हात. तरुण त्वचा म्हणून आपण ज्याची तारीफ करतो, त्यात सावलीत गेलेल्या दिवसांचा मोठा वाटा असतो.

एकदा हे दिसलं की ती इच्छा तेवढी निरागस राहत नाही. मला तरुण दिसायचंय, या वाक्यात कुठेतरी असंही असतं की मला रानात राबणारीसारखं दिसायचं नाही. आणि ती राबणारी म्हणजे अनेकदा आपली आई असते. शटलमधल्या किती मुलींच्या फीचे पैसे आईच्या त्या वांग आलेल्या गालाखालून आलेत, ते त्यांना पक्कं माहीत असतं. त्या आईला हसत नाहीत. पण स्थळाच्या बैठकीत रंग बघितला जातो, मुलाखतीत ‘प्रेझेंटेबल’ हा शब्द येतो, त्याची शिक्षा त्यांनाच होते. १९७५ मध्ये बाजारात आलेल्या ‘फेअर अँड लव्हली’नं २०२० मध्ये नावातलं ‘फेअर’ काढून ‘ग्लो’ घातलं. बघायला आलेल्या पाहुण्यांनी नजर बदलल्याचं काही ऐकिवात नाही.

या इच्छेत मला दोन धागे दिसतात. एक, कष्टाची खूण लपवायची. दुसरा, कष्टानं होणारी इजा टाळायची. दोन्ही गुंतलेले असतात, पण घटक निवडताना ते वेगळे करता येतात. सनस्क्रीन इजा टाळतं. मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय आणलेलं ‘गोरं करणारं’ मलम नुसती खूण पुसतं आणि वर नवी इजा करतं. अशा मलमांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं. आठ-पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल शिरा दिसतात, थांबवलं की आग होते. २०१८ मध्ये सरकारनं अशी अनेक स्टिरॉइडं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता येणार नाहीत, असं ठरवलं. तरी ती विकली जातातच. २०२३ मध्ये अकोल्यातल्या एका घराची बातमी आली होती. क्रीम वापरणाऱ्या घरातल्या तिघींच्या मूत्रपिंडांना इजा झाली आणि तपासात क्रीममध्ये पारा निघाला. त्वचेच्या डॉक्टरपर्यंत जायला ज्यांच्याकडे पैसा किंवा रजा नसते, त्यांच्याच हाती अशी डबी सहज पडते.

आता उसाचं सांगते, कारण आमच्याकडे सगळं शेवटी उसावर येतं. ग्लायकोलिक ॲसिड हे नाव तुम्ही ऐकलं असेल. त्वचेवरचा मृत थर सैल करणारं, चेहरा नितळ करणारं. त्याच्या जाहिरातीत हमखास हिरवागार ऊस असतो. ते उसात असतं, हे खरंच आहे. पण बाजारातलं बहुतेक ग्लायकोलिक ॲसिड कारखान्यात रसायनांपासून बनतं, दौंडच्या गुऱ्हाळाशी किंवा पाटसच्या साखर कारखान्याशी त्याचा काही संबंध नसतो. त्यात गैर काही नाही, रेणू तोच. गंमत पुढे आहे. हे ॲसिड लावल्यावर त्वचा उन्हाला जास्त हळवी होते, म्हणून सोबत सनस्क्रीन लावाच, असं बाटलीवर लिहिलेलं असतं. थोडक्यात, उसातलं ॲसिड लावून उसात जाता येत नाही.

रेटिनॉलच्या घराण्याची गोष्ट याहून कडू. त्याचा जास्त तीव्र भाऊ ट्रेटिनॉइन. उन्हानं म्हातारी झालेली त्वचा त्यानं सुधारते, असं १९८६ मध्ये डॉ. आल्बर्ट क्लिगमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं. याच क्लिगमन यांनी १९५१ ते १९७४ या काळात फिलाडेल्फियाच्या होम्सबर्ग तुरुंगातल्या कैद्यांच्या त्वचेवर असंख्य रसायनांचे प्रयोग केले. कैदी बहुतेक गरीब आणि काळे होते. तुरुंगात पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर आपल्याला समोर एकरच्या एकर त्वचा दिसली, सुपीक रान पाहणाऱ्या शेतकऱ्यासारखं वाटलं, अशा अर्थाचं त्यांनी १९६६ मध्ये एका वर्तमानपत्राला सांगितलं होतं. फिलाडेल्फिया शहरानं या सगळ्याची माफी २०२२ मध्ये मागितली. शेतकऱ्याच्या घरात जन्मल्यामुळे असेल, मला ती उपमा विसरता येत नाही. रानाला कुणी विचारत नाही, हे त्यात गृहीत आहे.

मग रेटिनॉल वापरायचं की नाही? मी वापरते. ज्ञान कसं मिळालं हे कळल्यावर ते फेकून दिलं तर त्या कैद्यांना काही परत मिळत नाही. पण त्यानंतर ‘हा माझा मी-टाइम’ असं म्हणत बाटली उघडणं मला जमत नाही.

सगळ्या घटकांत सर्वांत खात्रीचा असतो सनस्क्रीन, आणि तो हवा असतो सर्वांत जास्त उन्हात राबणाऱ्याला. अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात तो औषधांच्या नियमांखाली येतो. आपल्याकडे सौंदर्यप्रसाधनात. हा नुसता कागदी फरक नव्हे. आपल्याच विको टर्मरिकचं आठवा. ते क्रीम आयुर्वेदिक औषध की प्रसाधन, यावर उत्पादन शुल्क खात्याशी सुरू झालेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि निकाल औषधाच्या बाजूनं लागला. वस्तू कुठल्या खात्यात टाकली यावर ती गरज की चैन हे ठरतं.

यवतच्या बाजूला राहणाऱ्या माझ्या आत्याला मी एक ट्यूब दिली, तर ती म्हणाली, ‘मला का आता बघायला पाव्हणं येणारेत?’ चेहऱ्याला काही लावायचं ते दुसऱ्यानं पसंत करावं म्हणून, हा हिशेब तिच्या मनात पक्का. मग तिनं किंमत विचारली. चेहरा आणि मानेला दोन बोटं भरून, म्हणजे एक-सव्वा ग्रॅम. उन्हात दर दोन तासांनी पुन्हा. दिवसातून तीनदाच लावलं तरी पन्नास ग्रॅमची ट्यूब दोन आठवड्यांत संपते. चारशेची ट्यूब धरली तर महिन्याचे आठशे, आणि हात अजून उघडेच. आत्यानं लगेच ते मजुरीच्या दिवसांत मोजलं. बायका डोक्याला टॉवेल गुंडाळतात, साडीवर नवऱ्याचा फुलबाह्यांचा शर्ट चढवतात, तो उसाच्या पात्यासाठी तसाच उन्हासाठीही असतो. त्याला एसपीएफचा आकडा नाही, पण घट्ट विणीचं कापड कुठल्याही क्रीमपेक्षा भरवशाचं, हे त्वचेचे डॉक्टरही सांगतात.

रांजणगावच्या एमआयडीसीत कामाला गेलात तर हेल्मेट, बूट, गॉगल कंपनीनं द्यायचे असतात, कारण इजा कामातून होते. ऊसतोडीला तसं द्यायचं कुणी? कारखान्यानं, मुकादमानं, की ज्याच्या रानात तोड चालू आहे त्यानं, म्हणजे आम्ही? दिवाळीनंतर बीडकडची टोळी आमच्या रानात येते, तेव्हा चहा आणि वर खुशाली द्यायची पद्धत आहे. या खुशालीत टोप्या आणि सनस्क्रीन घालावं का, असं मी आत्याला विचारलं.

‘त्यापरास दुपारचं दोन तास सावलीला बसू दे त्यास्नी,’ ती म्हणाली.

टोळीला पैसे टनावर मिळतात. सावलीतल्या दोन तासांचे कुणी देत नाही.