नातू : कोणाची अमानत?

आमच्या घरात पहिला वाद नातवाच्या बिस्मिल्लाखानीवरून झाला. मूल चार वर्षे, चार महिने, चार दिवसांचे झाले की त्याला पहिले अक्षर शिकवायचे, ही रीत आपल्याकडे अनेक घरांत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. मला ती फातिहा, शिरणी आणि गोतावळ्यासह थाटात करायची होती. माझे व्याही, म्हणजे मुलाचे नाना म्हणाले, "भाईसाब, याला शरीयतमध्ये आधार कुठे आहे? मुलाला सरळ मकतबमध्ये बसवा." नाना तब्लीगचे. दरवर्षी चाळीस दिवसांच्या चिल्ल्यावर जाणारे. मी मिरजेचा उरूस न चुकवणारा. तेव्हा मुलाच्या आईने दोघांची समजूत घालून वेळ निभावून नेली.

खरा प्रश्न पुढे आला, तो मुलगा सात वर्षांचा झाल्यावर. त्या वर्षी मी त्याला ख्वाजा शमना मीरासाहेबांच्या उरुसाला नेले. अब्दुल करीम खाँसाहेबांच्या (1872–1937) स्मरणार्थ तिथे गाणे होते. तेही त्याने मांडीवर बसून, पेंगत पेंगत ऐकले. घरी परतलो तर नाना आलेले. पोराने हातातले बत्तासे झटकन खिशात घातले आणि माझ्या कानाशी लागून म्हणाला, "दादा, नानाकू नक्को बोलो."

खरे सांगतो, त्या क्षणी मला आनंद झाला. पोरगा माझ्या बाजूचा आहे असे वाटले. पुढे सुनेने सांगितले, की नानांच्या घरी तो "मला दर्ग्यात जायला आवडत नाही, दादा ओढून नेतात," असे म्हणतो. तेव्हा नानांनाही असाच आनंद झाला असणार. म्हणजे आम्ही दोघांनी मिळून त्याला एक गोष्ट पक्की शिकवली होती : कोणासमोर काय बोलायचे आणि काय लपवायचे. दोघांच्याही दीनमध्ये याला एकच नाव आहे, निफाक.

मूल ही अल्लाहची अमानत आहे, असे आपण सगळेच म्हणतो. पण अमानतीचा अर्थ काय? कोणी आपल्याकडे विश्वासाने ठेवलेली वस्तू जपायची आणि जशीच्या तशी परत करायची. ती आपल्या कामासाठी वापरली, तर ती खयानत होते. आम्ही दोघे नातवाला आमच्या जुन्या वादातला साक्षीदार म्हणून वापरत होतो. तोंडी अमानत आणि वागण्यात मिल्कियत, अशी आमची गत होती.

यावर काही सुशिक्षित मित्र म्हणतात, "मुलाला काहीच शिकवू नका. मोठा झाला की तो ठरवेल." मला हे पटत नाही. ज्याला कोणतीच भाषा शिकवली नाही, तो मोठेपणी भाषा निवडणार कशी? न शिकवणे हेही एक शिकवणेच आहे. शिवाय शिकवण्याचा पहिला हक्क आणि जबाबदारी आई-बापाची. आजी-आजोबांचा नंबर त्यांच्या मागे लागतो, हे आपण फार लवकर विसरतो.

नानांची बाजूही प्रामाणिकपणे समजून घेतली पाहिजे. माझ्यासाठी दर्गा म्हणजे माझ्या आईचे बोट धरून चाललेली वाट. त्यांच्यासाठी तो तौहीदचा प्रश्न आहे, आखिरतचा प्रश्न आहे. नातू चुकीच्या वाटेने जातो आहे असे मनापासून वाटत असेल, तर त्या माणसाला "गप्प बसा" म्हणणे हा न्याय नव्हे. त्यांना बोलण्याचा पूर्ण हक्क आहे. मात्र सात वर्षांच्या पोराला जहन्नमची भीती घालण्याचा हक्क त्यांना नाही, आणि बत्ताशांची लालूच दाखवण्याचा मलाही नाही. भीती आणि लालूच यांतून आज्ञापालन येते. नीयत येत नाही. सहीह बुखारीची सुरुवातच नीयतीच्या हदीसने होते. दुसऱ्याच्या मनात नीयत पेरणे कोणत्याच आजोबाला जमलेले नाही. दीनमध्ये जबरदस्तीला जागा नाही, हे सूरह बकराच्या 256व्या आयतीत आलेच आहे. आपण ती आयत इतरांना ऐकवतो, घरात मात्र विसरतो.

पैगंबरसाहेब (स.) स्वतः नाना होते. नमाजच्या वेळी नात उमामा त्यांच्या खांद्यावर असे. सजद्यात जाताना ते तिला खाली ठेवत, उठताना पुन्हा उचलून घेत. त्या मुलीला नमाज समजावून सांगितली असेल-नसेल. पण नमाज म्हणजे आपल्याला दूर सारणारी गोष्ट नव्हे, हे तिला कळले असणार.

शेवटी मार्ग दाखवला तो सुनेने. ती म्हणाली, "तुम्ही दोघे सूरह लुकमान पढता. मुलाला नसीहत करताना लुकमान शेवटी काय सांगतात?" आम्ही दोघे गप्प झालो. ती नसीहत शिर्कच्या मनाईपासून सुरू होते. तिच्यात नमाज आहे, सब्र आहे, घमेंड न करणे आहे आणि शेवट आहे आवाज खाली ठेवण्यावर. पहिली गोष्ट नानांची म्हणावी, तर शेवटची आम्हा दोघांचीही होती.

त्या दिवशी आम्ही एक साधा नियम केला. आपापले म्हणणे मुलासमोर उघड सांगायचे आणि पुढे एक वाक्य जोडायचे : "तुझ्या नानांना हे मान्य नाही आणि ते चांगले मुसलमान आहेत." नानांनीही माझ्याबद्दल तेच म्हणायचे. हे वाक्य उच्चारताना किती जड जाते, हे प्रत्येकाने आपल्या घरात करून पाहावे. पहिल्या वेळी माझी जीभ अडखळली. नानांनी तर दोन दिवस घेतले.

आमचा मतभेद मिटलेला नाही, मिटणारही नाही. पुढच्या उरुसाला मी जाईन. नातू येईल की नाही ते त्याचे आई-बाप ठरवतील, आणि पुढे तो स्वतः ठरवेल. परवा मात्र त्याने नानांसमोरच मला विचारले, "दादा, नाना दर्ग्यात का नाही येत?" मी म्हटले, "बेटा, हे त्यांनाच विचार." नानांनी त्याला जवळ घेतले आणि हळू आवाजात सांगायला सुरुवात केली. मी उठून गेलो नाही. बसून ऐकले.