गडग्याखालची वाळू

देवबागेत एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. घरं, माड, रस्ता, सगळं त्या पट्टीवरच. जुनी घरं जांभ्या चिऱ्यांची, वर कौलं, पाया बेताचा. बांधणारे अडाणी नव्हते हो. वरचा भार हलका आणि खाली जरा खणलं की पाणी. तेवढ्या पायावर पिढ्या निघाल्या.

अशीच दोन घरं चुलत भावांची, मधे गडगा. मे २०२१ च्या तौक्ते वादळानंतर जो पावसाळा आला, त्यात थोरल्याच्या पडवीचा कोपरा खचला. चिऱ्यांच्या सांध्यांतून पायरी-पायरीने भेग वर चढली. पर्यटकांसाठी माडीवर दोन खोल्या काढायचं त्याच्या मनात होतंच. पाऊस ओसरताच त्याने ठेकेदार आणला. पाया खोल करायचा आणि दिवाळीच्या आत उरकायचा.

ठेकेदाराने गडग्याकडची अख्खी भिंत एका दमात पायथ्यापासून उघडी केली. चर पाण्याने भरला तसा पंप लावला. रात्रभर पंप चालू. सकाळी धाकट्याच्या घरात माजघराचं दार उंबऱ्याला अडलं, आणि चुलीमागच्या भिंतीला बोट जाईल एवढी फट. मग जे व्हायचं ते झालं. दोन्ही घरच्या बायका गडग्याशी आल्या आणि आजोबांच्या वाटणीपासूनचा हिशेब निघाला.

शेवटी कोणीतरी वाडीतल्या म्हाताऱ्या गवंड्याला बोलावून आणलं. त्याने भेग पाहिलीच नाही. थेट पंपाच्या पाइपाखाली ओंजळ धरली, पाणी गळू दिलं आणि हात थोरल्यापुढे केला. तळव्यावर बारीक वाळूचा थर बसला होता.

"ही रेती खयली?"

"चरातली."

"चर तर कालपासून तेवढोच आसा. मगे ही येता खयसून?"

थोरला गप्प. तरी हार मानवेना. "सिंधुदुर्ग किल्लो १६६७ पासून भर दर्यात उभो आसा. माझ्या घराकच काय धाड भरली?"

"किल्ल्याखाली खडक आसा. तुझ्याखाली रेती, आणि ती पण तुझ्या एकट्याची नाय. पंप बंद कर आदी."

पंप बंद झाला. उपसून पडलेल्या वाळूचा ढीग त्याच दिवशी चरात परत गेला. "अर्धी आमची आसा," असं धाकट्याची बायको ऐकू जाईल इतपत बोललीच. म्हाताऱ्याने वासे लावून भिंतींना टेकू दिला आणि चैत्रापर्यंत थांबायला सांगितलं. तोवर जमिनीतलं पाणी खाली उतरतं.

चैत्रात त्याने भिंतीवर कोळशाने हात-दीड हाताचे तुकडे आखले आणि त्यांवर १, २, ३, पुन्हा १, २, ३ असे आकडे टाकले. आधी फक्त एक आकड्याखाली खणायचं, तेही ओहोटी साधून, बाजूला फळ्या देऊन. काँक्रीट भरायचं, पण भिंतीच्या तळापर्यंत न्यायचं नाही. ते आवळून घट्ट झालं की मधल्या फटीत जेमतेम ओला मसाला ठोकून ठोकून बसवायचा. इथे कुचराई झाली की खालचं सगळं काम वाया. मग दोन, मग तीन. एक तुकडा उघडा असताना भिंत बाकीच्यांवर उभी राहते. ठेकेदाराने नेमकं तेच तिच्याकडून काढून घेतलं होतं.

थोरल्याला हे चेंगट वाटलं. पण त्याला जास्त टोचलं ते पुढचं. म्हातारा म्हणाला, धाकट्याचा कोपरा याच कामात धरायचा, नाहीतर दुसरा गवंडी बघा. थोरल्याच्या छपराच्या पागोळ्या वर्षानुवर्षं त्याच कोपऱ्याशी पडत होत्या, तिथे पन्हळ लावायची तीही थोरल्यानेच. खणायला जागा हवी म्हणून गडगा उतरवावा लागला. पैशांवरून दोन दिवस कुरबुर झाली, मग थोरल्याने दोन्हीकडचा खर्च उचलला. राजीखुशीने उचलला असं मी म्हणणार नाही.

काम संपल्यावर म्हाताऱ्याने धाकट्याच्या भेगेवर काचेची पट्टी आडवी चिकटवली, वर तारीख घातली. भिंत हलली तर काच तडकणार. त्या पावसाळ्यात थोरला दर रविवारी काच बघायला जायचा. आधी पडवीतून, पुढे पुढे आत चहाला बसून.

दिवाळीला त्याने म्हाताऱ्याला गाठलं. "आता माडी चढवूक हरकत नाय मा?"

"माका कित्या इचारतंस? आणखी दोन पावस जांव देत, मगे त्या काचेक इचार."