वही, वकील आणि विवेक

लोकांनीं परोपकारार्थ दिलेलें धन ज्याच्या हातीं सोंपविलें जातें, त्याला मनाची शुद्धता एवढीच पुरे आहे काय? हा प्रश्न आपल्या लहान मंडळ्यांनाही आतां टाळतां येत नाहीं. शाळा, वसतिगृह किंवा मंडळीची जमीन सांभाळणारे पंच बहुधा शेतकरी, शिक्षक व उपदेशक असतात. "आम्हीं एक पैही खाल्ली नाहीं, मग भय कसलें?" असें ते म्हणतात. परंतु कायद्याला पंचाचें अंतःकरण दिसत नाहीं; तो वही पाहतो.

महाराष्ट्रांत १९५० च्या सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था कायद्यानें न्यासाची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे करणें, दरवर्षीं हिशेब तपासून घेणें, विश्वस्त बदलल्यास तें कळविणें व पूर्वपरवानगीवांचून स्थावर मिळकत न विकणें, हीं बंधनें घातलीं. परदेशांतून येणाऱ्या दानाविषयींचा २०१० चा कायदा याहून कडक आहे. सप्टेंबर २०२० मधील दुरुस्तीनें असें दान दुसऱ्या संस्थेस देण्याची मनाई केली, आणि कचेरीच्या खर्चाची मर्यादा शेंकडा ५० वरून २० वर आणली. सर्वोच्च न्यायालयानें ८ एप्रिल २०२२ रोजीं ही दुरुस्ती वैध ठरविली. या कायद्याच्या भंगास पांच वर्षांपर्यंत कारावास सांगितला आहे. संस्थेबरोबर तिचे कारभारीही दोषी धरले जाऊं शकतात, आणि आपण योग्य दक्षता घेतली होती हें त्यांनाच सिद्ध करावें लागतें. म्हणजे मोठ्या संस्थेनें परदेशी दानांतून खेड्यांतील शाळेस प्रेमानें पाठविलेली रक्कमही आज अपराध ठरूं शकते.

अशा वेळीं वकिलाचा आधार लागतो. पण आधार देणाराही निर्धास्त नसतो. गरिबांचे व एड्सग्रस्तांचे खटले चालविणाऱ्या 'लॉयर्स कलेक्टिव्ह' या वकिलांच्या संस्थेची परदेशी दानाची नोंदणी २०१६ मध्यें रद्द झाली. जून २०१९ मध्यें केंद्रीय तपास विभागानें तिच्यावर गुन्हा नोंदविला, व पुढील महिन्यांत तिचे संस्थापक इंदिरा जयसिंग व आनंद ग्रोवर यांच्या घरांची झडती झाली. त्यांनीं आरोप नाकारले, आणि मुंबई उच्च न्यायालयानें त्याच जुलैमध्यें सक्तीची कारवाई न करण्याचा आदेश दिला. दुसऱ्यांची बाजू मांडणाऱ्यांना स्वतःचीच बाजू मांडावी लागली.

येथें खरा नैतिक पेंच उभा राहतो. कायदा कठोर वाटला, आणि पैसा थांबल्यास वसतिगृहांतील मुलें उपाशी राहतील असें दिसलें, तर मागील तारखेचा ठराव लिहावा काय? "वकीलसाहेब, एवढें जमवून द्या" असें म्हणावें काय? हेतु दयेचा आहे, हें खरें. परंतु त्या दयेची किंमत आपण दुसऱ्याकडून वसूल करितों. पक्षकार व वकील यांच्यांतील संभाषणाची गुप्तता २०२३ च्या भारतीय साक्ष अधिनियमानेंही राखली आहे. मात्र बेकायदेशीर हेतूच्या पूर्ततेसाठीं केलेल्या संभाषणास तें संरक्षण नाहीं. खोटा कागद करविणारा पंच वकिलाची सनद, अब्रू व स्वातंत्र्य पणाला लावितो. मुलांचेंही हित होत नाहीं. कारण नोंदणी रद्द झाल्यास परदेशी दानांतून घेतलेली मालमत्ता सरकारी अधिकाऱ्याच्या ताब्यांत जाते.

मग अन्याय मुकाट्यानें सोसावा काय? तसेंही नाहीं. कठोर नियमाविरुद्ध अर्ज करावा, न्यायालयांत जावें, उघडपणें बोलावें. तोंपर्यंत गांवांतून धान्य मागावें. तेंही न पुरल्यास वसतिगृह कांहीं काळ बंद ठेवावें. हें दुःख मोठें आहे. पण खोट्यावर उभें केलेलें अन्नछत्र याहून मोठें दुःख आणितें.

यरुशलेमेंतील गरिबांसाठीं वर्गणी नेतांना पौलानें ती एकट्यानें नेली नाहीं. कोणीं दोष लावूं नये म्हणून मंडळ्यांनीं निवडलेले विश्वासू बंधु त्यानें बरोबर घेतले. स्वतःच्या सचोटीवर त्याचा अविश्वास नव्हता. लोकांचा विश्वास तो अमानत समजत होता.

तेव्हां, बंधुजनहो, दान दोघांनीं मोजावें, पावती त्याच दिवशीं फाडावी, ठराव सभेंतच लिहून सह्या घ्याव्या, व वर्षाचा हिशेब मंडळीपुढें मोठ्यानें वाचावा. वकिलास सर्व खरें सांगावें, मग तें आपल्याविरुद्ध असलें तरी. आणि आपली बाजू घेतल्यामुळें त्याच्यावर संकट आलें, तर त्याच्या दाराशीं जाण्यास भिऊं नये.