महाग टोमॅटो, पातळ आमटी

२०२३च्या जुलैत नारायणगावच्या बाजारात वीस किलोच्या टोमॅटो क्रेटने दोन हजारांचा टप्पा ओलांडला आणि जुन्नर तालुका देशभरच्या बातम्यांत झळकला. शहरात ओरड, इथे मात्र बऱ्याच वर्षांनी फिटलेली कर्जं. त्याच वर्षीच्या उन्हाळ्यात भाव नाही म्हणून राज्यात ठिकठिकाणी टोमॅटो फेकून दिले गेले होते. त्याची एवढी चर्चा झाली नव्हती.

चुलीच्या बाजूने पाहिलं तर टोमॅटोची महागाई त्यातल्या त्यात सोसण्यासारखी. टोमॅटो नसला तर चिंच आहे, आमसूल आहे. तूरडाळीला असा पर्याय नाही. २०१५ साली ती किलोला दोनशेच्या घरात गेली, तेव्हा आमटी बंद कुठेच झाली नाही, पातळ झाली. डाळ निम्मी, पाणी दुप्पट, आणि चव राहावी म्हणून तिखट-मीठ चढं. ताटात वाटी दिसतेच, म्हणून घरात कुणी उपाशी आहे असं कुणालाच वाटत नाही.

या भागाची मासवडी घ्या. बेसनाच्या पोळीत तीळ, सुकं खोबरं, कांदा, लसूण यांचं सारण आणि वर तर्रीचा रस्सा. अलीकडे खोबऱ्याचे भाव भडकले, तशी सारणात शेंगदाण्याच्या कुटाची भर पडू लागली. पाहुण्यांना सहसा कळत नाही. करणारीला कळतं, पण ती बोलत नाही.

चीनच्या हुनान प्रांतात जेन्सन आणि मिलर या अर्थतज्ज्ञांना असं आढळलं की तांदूळ महागला तर गरीब घरं तांदूळ उलट जास्त खातात. भाताइतक्या स्वस्तात पोट दुसऱ्या कशाने भरत नाही. मग कात्री लागते ती मांसाला. आपल्याकडेही भाकरी टिकते, कालवण आटतं. २०२२-२३च्या केंद्रीय पाहणीनुसार ग्रामीण भारतात घरखर्चाचे सुमारे ४६ टक्के खाण्यावर जातात. ही सरासरी झाली. हातावर पोट असलेल्याचा वाटा याहून मोठाच असणार. राज्यात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक बायकांमध्ये रक्त कमी आहे, असं पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. याचं खापर एकट्या महागाईवर फोडता येणार नाही, पण शेवटी जेवणाऱ्या बाईच्या वाट्याला पातेल्याच्या तळाचं काय उरतं, हे विचारायला हवं.

डिंभे धरणाच्या वरच्या अंगाला, भीमाशंकरच्या रांगेत, महादेव कोळ्यांच्या वाड्यांवर चित्र थोडं वेगळं. उतारावरची नाचणी-वरई घरची, आणि पावसाळ्यात कुरडू, भारंगीसारख्या रानभाज्या फुकटच्या. बाजारभावाचा झटका या ताटाला उशिरा आणि हलका बसतो. महागाईच्या कुठल्याही निर्देशांकात कुरडूला जागा नाही. पण तिथलीच बाई मजुरीला नारायणगावला उतरली की सगळं विकतचं. तेही रोजच्या हजेरीतून रोजचं: पाव किलो डाळ, तेलाची छोटी पिशवी. सुट्टं घेतलं की किलोमागे दर जास्त पडतो, म्हणजे ज्याच्याकडे पैसा कमी त्यालाच तेच तेल महाग. आणि हे तेल तर आपल्या हातातलंही नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलाचा निम्म्याहून अधिक भाग आयात होतो. २०२२च्या एप्रिलअखेरीस इंडोनेशियाने पामतेलाची निर्यात काही आठवडे थांबवली, त्याचा धसका इथल्या किराणा दुकानानेही घेतला.

रेशनचा आधार मोठा आहे, तो कुणी कमी लेखू नये. २०२३पासून हे धान्य मोफत आहे, अंत्योदय कुटुंबाला महिन्याला ३५ किलो. पण धान्य म्हणजे मुख्यतः तांदूळ आणि गहू. जे ताटातून सगळ्यात शेवटी जातं तेच सरकार सांभाळतं. सगळ्यात आधी जाणारी डाळ आणि तेल बाजारावर सोडलेली. तामिळनाडूत रेशनवर तूरडाळ ३० रुपये किलोने आणि पामतेल २५ रुपये लिटरने देण्याची योजना वर्षानुवर्षं चालू आहे. महाराष्ट्रात २०२२च्या दिवाळीला ‘आनंदाचा शिधा’ आला: शंभर रुपयांत रवा, साखर, पामतेल आणि एक किलो चणाडाळ. तो सणाचा होता. दिवाळीनंतरच्या आमटीची सोय त्यात नव्हती.